उत्तर बोटानं देता येईल असा प्रश्न विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही अमळनेरच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. व्हिएतनाममधल्या 'मी सन' या ठिकाणची शिवमंदिरं बघायची तुमची फार दिवसांची इच्छा आहे आणि बरोबर यायला कोणी नाही. इंग्रजी वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. तिकडची भाषा तर अजिबातच येत नाही. मुलगा म्हणतो टूरबरोबर जा, सासूबाई विचारतात, "तठे आपलं कोन शे?" तर अशा परिस्थितीत एकटीनं जावं, की हा विचार सोडून द्यावा, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत, जा. मी हे कशाच्या जोरावर म्हणतो ते आधी सांगतो. जळगावच्या एमआयडीसीत मी प्लॅस्टिकच्या चटया विणायच्या आणि पाइपच्या मशिनरीचं काम करतो. मशीन बाहेरदेशी गेलं की ते बसवायला, चालू करून द्यायला आणि तिथल्या कामगारांना शिकवायला माणूस लागतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा एकटाच जातो. व्हिएतनामला मी वर्षानुवर्षं जातोय, शिवाय इजिप्त आणि इथिओपियाही केलं आहे. माझं शिक्षण आयटीआयचं. तिथल्या पोरांना इंग्रजी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही, तरी मशीन चालू होतं आणि मी निघालो की ते मागे चालू राहतं. खाली जे लिहितोय ते या कामातून शिकलेलं आहे.

आता अटी. फोन तुम्हाला स्वतःला हाताळता आला पाहिजे, म्हणजे नकाशा उघडणं, फोटो काढून दाखवणं, गाडी बोलावणं हे मुलाला न विचारता जमलं पाहिजे. दिवसाला चार-पाच किलोमीटर चालता आलं पाहिजे. रोजची गोळी असेल तर ती वेळेवर घेण्याची शिस्त हवी. आणि अडकल्यावर दहा मिनिटं एका जागी शांत बसता आलं पाहिजे. चौथीचा वर्ग सांभाळलेल्या बाईंना हे शेवटचं मी काय सांगणार! यातलं एखादं कमी असेल तर दोन महिने थांबून ते आधी पक्कं करा. भाषा या यादीत नाही हे मुद्दाम लक्षात घ्या.

देशावरही बरंच अवलंबून आहे. व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांतच लिहितात, वर-खाली खुणा जास्त असतात एवढंच. तुम्हाला इंग्रजी वाचता येतं, म्हणजे कागदावरचं नाव आणि पाटीवरचं नाव अक्षर-अक्षर जुळवून बघता येईल. जपान किंवा थायलंड म्हणाला असतात, तर लिपीपासूनच सुरुवात करावी लागली असती आणि मी याच्या दुप्पट तयारी सांगितली असती. पहिल्या एकट्या प्रवासाला तुम्ही निवडलेला देश चांगला आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुम्हाला वाटतंय की अडचण बोलण्याची आहे. माझ्या अनुभवात विचारणं कधीच अवघड जात नाही, फोन ते करून देतो. अवघड जातं ते उत्तर. समजा हनोईच्या फुटपाथवर तुम्ही एका बाईला फोनवर लिहून दाखवलंत, "बसस्टॉप कुठे आहे?" ती वाचते, हसते आणि मनापासून सांगायला लागते. सरळ जा, मग वळा, तिथे एक दुकान लागेल, आज तिकडून बस नाही, वगैरे वगैरे. सगळं तिच्या भाषेत. प्रश्न पोचला, उत्तर मिळालं आणि तुम्ही होतात तिथेच. इथेच माणूस घाबरतो आणि पुढच्या वेळी विचारायचंच टाळतो.

म्हणून माझा पहिला नियम असा की प्रश्नच असा करायचा, ज्याचं उत्तर बोटानं, आकड्यानं किंवा लिहून देता येईल. "बसस्टॉप कुठे आहे?" असं विचारायचं नाही. फोनवरचा नकाशा मोठा करून समोर धरायचा आणि लिहायचं, "बसस्टॉपवर बोट ठेवा." "किती पैसे?" असं तोंडानं विचारायचं नाही, फोनचा कॅल्क्युलेटर उघडून पुढे करायचा, समोरचा आकडा टाकतो. "गाडी कधी आहे?" याऐवजी वही आणि पेन पुढे करायचं, "वेळ इथे लिहा." आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून बैलजोडीचा सौदा होतो, तोंडातून आकडा निघत नाही. तसंच आहे हे. व्यवहार दोघांनाही माहीत असेल तर शब्द फार थोडे लागतात.

दुसरा नियम, हो-नाहीचा प्रश्न टाळा. होई आन हे मी सनजवळचं गाव. "ही बस होई आनला जाते का?" असं विचारलंत की समोरचा मान डोलावतो, "येस, येस" म्हणतो. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की तुमचं ऐकलं. नाही म्हणून पाहुण्याला नाराज कशाला करायचं, हाही भाव असतो. कामगारांना "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून मी ते विचारत नाही. "आता तू करून दाखव" एवढंच सांगतो. तुम्हीही "कुठली बस होई आनला जाते? दाखवा" असं विचारा. तो हाताला धरून बसपर्यंत नेईल किंवा नंबर लिहून देईल, नाहीतर हात हलवेल.

त्या हात हलवण्याबद्दलही सांगून ठेवतो. दुकानदार पंजा उघडा ठेवून मनगटातून डावी-उजवीकडे फिरवतो. आपल्याकडे ती खूण "काय?", "काय पाहिजे?" अशी वाटते. मग आपला माणूस पुन्हा सांगायला लागतो, जास्त जोरात, जास्त हातवारे करून. दुकानदार पुन्हा तसाच हात फिरवतो आणि हे चालूच राहतं. तिकडे त्या खुणेचा अर्थ "नाही, संपलं" असा आहे. हात फिरला की हसून पुढच्या दुकानात जायचं. आपली मान डोलावण्याची सवयही तिकडे कुणाला कळत नाही. हो म्हणायचं तर मान सरळ वर-खाली करा.

हे नियम डोक्यात बसले की घरी करायचं काम उरतं. वही घ्या आणि घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुठल्या कुठल्या क्षणी कोणाशी बोलावं लागेल ते लिहून काढा. इमिग्रेशनची खिडकी, टॅक्सी, हॉटेलचं काउंटर, जेवण, तिकीट, औषधाचं दुकान, रस्ता चुकणं, पैसे बदलणं, बस. दहा-बारा दिवसांच्या प्रवासात यापलीकडे फार काही निघत नाही. प्रत्येक क्षणासाठी दोन-तीन वाक्यं तयार करा, व्हिएतनामीत भाषांतर करून मोठ्या अक्षरांत छापून घ्या. वर व्हिएतनामी, खाली मराठी, म्हणजे कोणता कागद कशासाठी आहे ते तुम्हाला शोधावं लागणार नाही.

फोन असताना कागद कशाला, असं मुलगा विचारेल. फोनची बॅटरी संपते, पावसात स्क्रीन चालत नाही, आणि अनोळखी माणसाच्या हातात फोन देण्यापेक्षा कागद देणं बरं. वयस्कर माणसं छोट्या स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघतात, मोठ्या अक्षरांतला कागद लगेच वाचतात. आणि तिकडे वाक्य दाखवायचंच असतं, बोलायचं नसतं. व्हिएतनामी भाषेत सुराला अर्थ आहे, तेच अक्षर वेगळ्या सुरात म्हटलं की वेगळा शब्द होतो. देवनागरीत लिहून पाठ केलेलं वाक्य आपण आपल्या सुरात म्हणतो आणि समोरच्याला ते ओळखूच येत नाही. नमस्काराला "सिन चाव" आणि आभाराला "काम ऑन" हे दोन पाठ करा, बाकी कागद पुढे करा.

भाषांतर करताना वाक्य लहान ठेवा, एका वाक्यात एकच गोष्ट. "चालेल", "जमेल", "बघू" असले आपले रोजचे शब्द टाळा. "मला मासे चालत नाहीत" असं लिहिलंत तर यंत्र मासे चालायला लावू शकतं. "मी मासे खात नाही" असं सरळ लिहा. झालेलं व्हिएतनामी वाक्य उलट मराठीत करून बघा. मूळ अर्थ परत आला तर ते वाक्य ठेवा, नाही आला तर मराठी वाक्य मोडून पुन्हा करा. मराठीतून नीट होत नसेल तर इंग्रजीतून करा, तेवढं इंग्रजी तुम्हाला येतं. व्हिएतनामी भाषा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, म्हणजे नेटवर्क नसताना अडत नाही.

पहिले दोन तास सगळ्यात महत्त्वाचे असतात. विमानातून उतरल्यापासून हॉटेलच्या खोलीत बॅग टेकेपर्यंतचे. माणूस दमलेला असतो, सगळं नवं असतं, आणि एकदा इथे गडबडला की पुढचे दोन दिवस धास्तीत जातात. म्हणून तेवढ्याची तयारी घरून पूर्ण करून जा. शक्यतो दिवसाउजेडी उतरणारं विमान घ्या, दोन-तीन हजार जास्त गेले तरी जाऊ द्या.

भारतीयांना व्हिसा लागतो, तो ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा देतात. एकदाच प्रवेशाची फी 25 डॉलर आहे. सरकारी संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या खासगी साइट त्याच कामाचे बरेच जास्त घेतात, म्हणून पत्ता नीट बघून भरा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं टाका. आपल्याकडे बायकांच्या पासपोर्टवर पतीचं नाव कधी पहिल्या नावाच्या रकान्यात असतं, कधी आडनाव वेगळ्या क्रमानं असतं. व्हिसावर क्रम बदलला तर खिडकीवर समजावून सांगावं लागतं, आणि ते बोलणं मला तुमच्या वाटेला येऊ द्यायचं नाही. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. ई-व्हिसा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग या तिन्हींचे छापील कागद एका फाइलमध्ये ठेवा. खिडकीवर काही विचारलं तर फाइल पुढे करा. त्यांना जे हवं असतं ते त्यात असतं.

बाहेर पडल्यावर सिमकार्ड, किंवा फोन घेत असेल तर इथूनच ई-सिम (कार्डाशिवायचं सिम) टाकून जा, म्हणजे तो एक संवाद वाचतो. टॅक्सीसाठी ग्रॅब नावाचं अॅप आहे, आपल्या ओला-उबरसारखं. जायचं ठिकाण तुम्ही टाकता, भाडं आधी दिसतं, गाडीचा नंबर दिसतो. ड्रायव्हरशी एक शब्द न बोलता तुम्ही हॉटेलच्या दारात. रस्त्यावरची टॅक्सी पहिल्या दिवशी नकोच. हनोईच्या नोई बाई विमानतळावरून 86 नंबरची नारिंगी बस शहरात जाते, ती परतीच्या वेळी घ्या, तोवर तुम्हाला शहर कळलेलं असेल.

नोटांची मात्र घरी बसून ओळख करून घ्या. तिकडचं चलन डोंग, रुपयाला 300च्या आसपास मिळतात, त्यामुळे शून्यं फार. 20,000ची नोट निळी आणि 5,00,000ची नोटही निळी. पहिली साधारण 70 रुपयांची, दुसरी सतराशेच्या आसपास. संध्याकाळच्या अंधुक उजेडात चहावाल्याला ही दुसरी दिली जाऊ शकते. मी 5,00,000च्या नोटा पाकिटात ठेवतच नाही, बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि खोलीत असतानाच बाहेर काढतो. दुकानात "50के" असं लिहिलं असेल तर ते 50,000.

जेवणावर जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातली शाकाहारी माणसं भाषेपेक्षा इथेच जास्त खचतात. "व्हेज" म्हटलं की तिकडे भाजी घातलेलं जेवण असा अर्थ घेतात. भाजी असते, पण शिजवलेली असते हाडांच्या पाण्यात, आणि वरून नुओक माम, म्हणजे माशाचा सॉस. फो नावाचं त्यांचं शेवयांचं सूप सगळीकडे मिळतं, त्याचं पाणी गाईच्या किंवा कोंबडीच्या हाडांचं असतं. देणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. मांसाचा तुकडा दिसत नाही, म्हणजे झालं, असं त्याला वाटतं.

यावर उपाय त्यांच्याच संस्कृतीत आहे. बौद्ध लोक तिकडे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, आणि नेहमीच्या शाकाहारी खाणावळीही असतात. त्यांच्या पाटीवर सी, एच, ए, वाय अशी चार अक्षरं असतात, उच्चार आपल्या "चाय"सारखा. हा एक शब्द नकाशावर टाकला की आसपासच्या खाणावळी दिसतात. अशा ठिकाणी मांस, मासा, माशाचा सॉस यांची चिंता नसते. मात्र ताटात कोंबडीसारखं, मासळीसारखं दिसणारं बरंच काही येईल. ते टोफूचं, मशरूमचं, सोयाबीनचं असतं. दचकू नका. अंडं चालत नसेल तर तेवढं कागदावर वेगळं लिहा. साध्या हॉटेलात जायची वेळ आलीच तर कागदावर असं असू द्या: "मी मांस, मासे, कोळंबी, अंडी खात नाही. माशाचा सॉस नको. हाडांचं सूप नको. भात, टोफू, भाजी, मीठ चालतं." "नको"च्या यादीनंतर "काय द्या" हे लिहिलेलं असलं की स्वयंपाकघरातल्या माणसाचं काम सोपं होतं. नुसती नकाराची यादी वाचून तो हात फिरवतो. आणि हो, पहिल्या दोन दिवसांपुरते खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत असू द्या. पोटात आपलं काही असलं की धीर टिकतो.

हॉटेल निवडताना मी स्वस्त-महाग बघत नाही, काउंटरवरच्या माणसाला इंग्रजी लिहिता-वाचता येतं का ते बघतो. लहान हॉटेल, पण काउंटरवर चांगलं माणूस, असं पाहिजे. बुकिंगच्या आधी इंग्रजीत एक मेसेज पाठवा: मी 59 वर्षांची, एकटी, शाकाहारी, इंग्रजी बोलता येत नाही, लिहून बोलेन. उत्तर कसं येतं त्यावरून ठरवा. तिथे गेल्यावर रोज सकाळी निघताना त्या मुलीकडून दिवसभराचं लिहून घ्या. कुठे जायचंय, कुठली बस, परत यायचा पत्ता, सगळं तिच्या हस्ताक्षरात, तिच्या भाषेत. हॉटेलचं कार्ड पर्समध्ये, एक पिशवीत. रस्त्यात अडकलात तर कोणत्याही दुकानदाराला ते कार्ड दाखवा आणि फोनची खूण करा. तो हॉटेलला फोन लावतो, ते दोघं आपसात बोलतात, तुमचं काम होतं. दुभाष्याला पैसे देऊन जे मिळतं, ते इथे खोलीच्या भाड्यात मिळतं. पासपोर्ट ते सुरुवातीला मागतील. पोलिसांकडे परदेशी पाहुण्याची नोंद करावी लागते म्हणून मागतात. नोंद झाली की परत घ्या.

पत्त्यांच्या बाबतीत एक नवी गोष्ट झाली आहे. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामनं प्रांतांची फेररचना केली, 63चे 34 केले, आणि जिल्हा हा मधला स्तरच काढून टाकला. होई आन आता दा नांग शहरात धरलं जातं. त्यामुळे जुन्या बुकिंगवरचा पत्ता आणि नवा पत्ता यांत फरक दिसेल. गोंधळून जाऊ नका. घर क्रमांक, रस्त्याचं नाव आणि फोन नंबर ही तीन जुळली की पुरे, आणि नकाशावरची खूण आधीच जतन करून ठेवा.

भाषा जिथे खरोखर आडवी येते, ते प्रसंग वेगळे, आणि तिथे कागद पुरत नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आजारपण, पोलिसांत तक्रार, आणि डोंगराळ आडवाट. आजारपणात हॉटेलच्या माणसाला सोबत न्या किंवा विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. विमा घेताना ती हेल्पलाइन हिंदीत बोलते का हे इथूनच फोन करून बघा. नेहमीच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि वर चार दिवसांच्या न्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, आणि त्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या घटकाचं नाव इंग्रजीत लिहून घ्या. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन ही नावं तिकडच्या औषधवाल्यालाही कळतात, आपल्याकडच्या ब्रँडची नाही कळत. पोलिसांचा नंबर 113, अग्निशमनाचा 114, रुग्णवाहिकेचा 115. पण फोनवर त्यांच्याशी बोलणं तुम्हाला जमणार नाही, म्हणून हे नंबर दुसऱ्याच्या हातून लावून घ्यायचे. पासपोर्ट हरवला तर हनोईत भारताची वकिलात आहे आणि हो ची मिन्ह शहरात वाणिज्य दूतावास. तिथे हिंदीत बोलता येतं. दोन्हींचे पत्ते आणि फोन कागदावर, आणि पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत.

आडवाटेचं म्हणाल तर उत्तरेकडचा 'हा जांग' नावाचा डोंगराळ भाग फार सुंदर आहे, पण या वेळी नको. तिथे बरेच लोक वेगळ्या जमातींचे आहेत, त्यांच्या घरची भाषाही व्हिएतनामी नाही. आपल्या सातपुड्यात धडगावच्या आतल्या पाड्यावर परका माणूस गेला तर काय होईल, तसं होईल. सोबत असेल तेव्हा जा.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येऊ. टूर की एकटी, असं दोनच पर्यायांत बघायची गरज नाही. हनोई तीन रात्री, मग विमानानं दा नांग, तिथून होई आनला चार रात्री, आणि मी सनला जायचा एक दिवस मात्र होई आनहून निघणाऱ्या छोट्या गटाबरोबर. साधारण 40 किलोमीटर आहे, पहाटे निघतात, दुपारपर्यंत परत. हॉटेलच्या काउंटरवर नाव नोंदवता येतं, दारातून घेतात, दारात सोडतात. बाकी दिवस तुमचे तुमचे. अवघड भाग गटाबरोबर आणि सोपा भाग एकटीनं, अशी विभागणी मी पहिल्यांदा जाणाऱ्या सगळ्यांना सांगतो.

मी सनला गाईड इंग्रजीत बोलेल, भराभर बोलेल. म्हणून वाचून जा. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून तिथे शिवाची मंदिरं बांधायला सुरुवात केली, पहिलं भद्रवर्मन राजानं, देवाचं नाव भद्रेश्वर. शिलालेखांत संस्कृत आहे. 1969मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत सगळ्यात मोठं मंदिर पडलं. 1999मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथे जतनाचं काम केलं, आणि त्या कामात 2020मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. एवढं माहीत असलं की गाईडचं निम्मं बोलणं निसटलं तरी बोट कुठे जातंय ते तुम्हाला कळेल. दा नांगला चाम, म्हणजे त्या चंपा राज्यातल्या लोकांच्या, शिल्पांचं संग्रहालय आहे, ते आधी बघा. गणपती, नंदी, शिव हे ओळखायला तुम्हाला कुणाच्या भाषेची गरज नाही, उलट, शेजारी उभ्या असलेल्या परदेशी पाहुण्यांपेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

जायच्या आधी एक सराव करा, हे मी आग्रहानं सांगतो. जळगाव-भुसावळवरून नवजीवन एक्स्प्रेस थेट चेन्नईला जाते. तीन-चार दिवस एकट्या जाऊन या. अट एकच, तिथे हिंदी बोलायचं नाही, इंग्रजीही नाही. तमिळ वाक्यांचे कागद करा, नकाशावर बोट ठेवायला लावा, कॅल्क्युलेटर पुढे करा, महाबलीपुरमला बसनं जाऊन या. लिपीही कळत नाही, म्हणजे व्हिएतनामपेक्षा ते कठीणच आहे. काही बिघडलंच तर आपला देश आहे, मुलगा एका दिवसात पोचू शकतो. परत आलात की कोणते कागद उपयोगी पडले, कोणते नाही, ते तुम्हालाच कळलेलं असेल. आणि घरच्यांचा विरोध माझ्या लिहिण्यानं कमी होणार नाही, या फेरीनं होईल.

सासूबाईंचा प्रश्न खराच आहे, तठे आपलं कोणी नाही. म्हणून रोजची एक वेळ ठरवून टाका. व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिकडे रात्री साडेआठ, म्हणजे इथे सात. त्या वेळी खोलीत पोचून घरी व्हिडिओ कॉल. मुलाशी फोनचं लोकेशन जोडून ठेवा. रोजच्या रोज एकाच वेळी तोंड दिसलं की घरच्यांची काळजी आटोक्यात राहते, आणि दिवसभर दर तासाला येणारे "कुठे आहेस?"चे फोन थांबतात. ते फोन थांबणं तुमच्या बॅटरीसाठीही गरजेचं आहे.

तारखांचं म्हणाल तर होई आनकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतो, तेव्हा जाऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं चांद्र नववर्ष, तेत, असतं. त्या आठवड्यात दुकानं बंद, गाड्यांना गर्दी, तेही टाळा. तेत संपल्यावर एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ तुम्हाला बरा. दिवाळीनंतर चेन्नई करायची तर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, म्हणून ती जानेवारीत ठेवा. वाक्यांचे कागद तयार झाले की मला दाखवा. माझ्या ओळखीतली हनोईची मुलं आहेत, त्यांच्याकडून तपासून घेऊन परत पाठवतो.